इब्राहीम कलईगराची केसनळी

हिंगोलीच्या स्टेशनाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर, एका कडुनिंबाखाली इब्राहीमची भट्टी होती. भट्टी म्हणजे तरी काय, जमिनीत एक खड्डा, त्याला कातड्याचा भाता आणि वर ऊन अडेल इतकंच पत्र्याचं छप्पर. पण त्या खड्ड्याजवळ उकिडवा बसलेला इब्राहीम स्वतःला निजामाच्या दरबारातला कारागीर समजायचा. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. पितळेच्या भांड्याला त्याच्यासारखी कलई करणारा माणूस पार वाशिमपर्यंत सापडला नसता. भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक फिरकी द्यायची. कुठेतरी एका जागी पांढरं धरलं की उरलेलं आपोआप पसरतं. "पांढरं धरलं की काम झालं," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि ऐकवताना भांड्याकडे न बघता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचा.

माणूस बढाईखोर होता, तापट होता, पण हाताचा खरा होता. डाख देऊन धातूचे सांधे जोडणं, फुटक्या बंबाला ठिगळ लावणं, कंदिलाची टाकी सांधणं, सगळं त्याला यायचं. जे येत नसे तेही येतं म्हणून घ्यायचा आणि मग रात्रंदिवस खपून शिकायचा. त्याची बायको खतीजाबी म्हणायची, "तुमची जबान गाडीच्या इंजिनासारखी पुढं पळती, अन् हात डब्यासारखे मागून येतात." इब्राहीम हसायचा. हात पोचतात ना शेवटी, मग झालं तर, असं त्याचं म्हणणं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि या विषयावर मात्र त्या घरात कोणीच बढाई मारत नसे, थट्टाही करत नसे.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे थावरा बंजाऱ्याचा तांडा होता. दरवर्षी दिवाळीच्या आधी थावरा बैलगाडी घेऊन यायचा, इब्राहीमचा भाता, कोळसा आणि सांडशी गाडीत टाकायचा आणि त्याला तांड्यावर न्यायचा. सगळ्या तांड्याची भांडी तिथे उजळायची, बायांच्या तुटक्या कड्यांना आणि घुंगरांना डाख बसायचा. थावराची बायको रुख्मिणीबाई इब्राहीमला भाकरी आणि लसणाची चटणी द्यायची. आणि थावराची पोरगी जमनी भात्याजवळून हलायची नाही. दोन लेकरं गेल्यावर ही जगली होती, त्यामुळे तिला कोणी हलवायच्या भानगडीतही पडत नसे. तिचा एक लहानसा पितळी पेला होता. तो सगळ्यांत आधी करून द्यावा लागायचा. इब्राहीम पेला उजळून तिच्यापुढे धरायचा. त्यात तोंड दिसलं तर ती पास करायची, नाहीतर परत भट्टीत टाकायला लावायची. पेल्याच्या गोलाईत तिचं नाक भोपळ्याएवढं दिसायचं आणि ती खिदळायची. इब्राहीम घरी येऊन ते खतीजाबीला सांगायचा, आणि ती ते पुन्हा सांगायला लावायची.

जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी हिंगोलीत बर्फाचं कपाट आलं. जिनिंगच्या मालकाने आपल्या धर्मादाय दवाखान्यासाठी ते मागवलं होतं. जिनिंगच्या तेलाच्या इंजिनावर वीज तयार व्हायची, तिची तार दवाखान्यात ओढली आणि कपाट चालू झालं. कपाट बघायला सगळी हिंगोली लोटली. दवाखान्याचे डॉक्टर उत्तमसिंग नांदेडचे शीख होते, शांत माणूस. त्यांनी लोकांना सांगितलं की हे सरबतासाठी नाही. साप चावलेल्याचं औषध, घटसर्पाचं औषध, अशी औषधं उन्हाळ्यात नुसती ठेवली तर मरून जातात. बाटली तशीच दिसते, रंग तसाच दिसतो, पण आत दम राहत नाही. या कपाटामुळे ती जिवंत राहतील.

कपाट बसवायला हैदराबादहून मिस्त्री आला होता. त्याला डाख द्यायला हाताखाली माणूस हवा होता, तो इब्राहीम झाला. मिस्त्रीने त्याला सगळं समजावून सांगितलं. खालचं यंत्र वायू दाबून दाबून त्याचं पाणी करतं. ते पाणी कपाटातल्या नळ्यांत जाऊन उकळतं आणि उकळताना कपाटातली उष्णता ओढून घेतं. मातीचा माठ पाझरून सुकतो म्हणून आतलं पाणी गार होतं ना, तसंच हे, फक्त बंद नळीत. पण ते पाणी एकदम भसकन सोडून चालत नाही. म्हणून मध्ये एक तांब्याची नळी असते, आतून केसाएवढी बारीक. तिच्यातून ते अडत अडत, घासत घासत जातं. नळी जितकी बारीक आणि जितकी लांब, तितकं कमी जातं. कमी गेलं तर कपाट उपाशी राहतं, जास्त गेलं तर यंत्र बिघडतं. "इसकी जान इस नली में है," मिस्त्री म्हणाला. इब्राहीमने तिचं नाव केसनळी ठेवलं आणि त्या दिवसापासून कपाट जणू त्यानेच केलं असं गावभर सांगत सुटला.

लढाई ऐन भरात आली तेव्हा ते कपाट बंद पडलं. यंत्र चालत होतं, पण गारवा येत नव्हता. मिस्त्री फौजेच्या कामावर गेला होता. नवी नळी मागवायची तर मुंबईहून उत्तर आलं की लढाई संपेपर्यंत विसरा. डॉक्टरांनी इब्राहीमला बोलावलं.

"जमेल का? नसेल जमत तर तसं सांग. मी औषधं नांदेडला पाठवून देतो," डॉक्टर म्हणाले.

"जमेल म्हणजे? डॉक्टरसाब, काय बोलून राहिले तुमी? मीच बसवलं ना ते."

त्याने कपाट उघडलं. केसनळीत मेणासारखा कचरा अडकला होता. नळी तापवून तो काढला, पण काढताना नळीला तडा गेला. पाणी सोडलं तर दोरा गुंडाळून, मेण लावून ते थांबायचं, पण दाबलेला वायू तिथे थांबणं शक्य नव्हतं, आणि डाख दिला तर तो तड्यातून आत शिरून केसाएवढी वाटच बुजवणार होता. आता दुसरी नळी हवी. वाशिमच्या रस्त्यावर एक फौजी लॉरी मोडून पडली होती. तिच्या तेलाच्या काट्याला जाणारी तांब्याची बारीक नळी इब्राहीमने मिळवली. ती जुन्या केसनळीपेक्षाही आतून जरा बारीक होती. आता ही किती लांब ठेवायची?

इथे इब्राहीमने जी शक्कल लढवली ती खरोखर शहाण्या माणसाची होती, हे कबूल केलंच पाहिजे. त्याने घासलेटच्या डब्याला तळाशी दोन भोकं पाडली. एकाला जुनी केसनळी लावली, तडा मेणाने बुजवला. दुसऱ्याला लॉरीची नळी लावली. डब्यात पाणी भरलं आणि दोन्हींच्या तोंडाखाली एकसारख्या दोन वाट्या ठेवल्या. लॉरीच्या नळीखालची वाटी मागे राहिली की तो नळीचा थोडा तुकडा कापायचा आणि वाट्या रिकाम्या करून पुन्हा ठेवायचा. असं करता करता एका दुपारी दोन्ही वाट्या एकाच वेळी काठोकाठ भरल्या. त्याने खतीजाबीला हाक मारून दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं. तिला स्वयंपाकाची घाई होती, तरी तीही दाराशी उभी राहून बघत राहिली.

नळी बसवली. मिस्त्रीने मागे ठेवलेल्या नळकांड्यातला वायू भरला. काडी ओढल्यावर येतो तसा घशाला झोंबणारा वास त्या वायूला होता. सांधा गळत असला तर कळावं म्हणून मिस्त्री एक बोळा फिरवायचा आणि गळत्या जागी पांढरा धूर निघायचा. त्या बोळ्यातलं औषध काही इब्राहीमकडे नव्हतं. त्याने आपला नवसागर चुन्यात कालवला, मिस्त्रीच्या बोळ्याला यायचा तोच वास नाकात गेल्याबरोबर ओळखला आणि त्यात बुडवलेला बोळा सांध्यांवरून फिरवला. धूर कुठेच निघाला नाही. यंत्र चालू झालं. थोड्या वेळाने कपाटातल्या नळीच्या तोंडाशी पांढरं पांढरं धरू लागलं. हिवाचा नाजूक थर. इब्राहीमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पांढरं धरलं, डॉक्टरसाब. काम झालं."

डॉक्टरांनी वाकून बघितलं. "शेवटपर्यंत नाही धरलेलं. तोंडाशीच आहे."

"पसरंल की. कलई बी अशीच पसरती."

मार्गशीर्ष चालू होता. त्या दिवसांत हिंगोलीत अंगणातल्या हंड्यातलं पाणीसुद्धा दातांना झोंबतं. कपाट सगळीकडून गार लागलं यात नवल काहीच नव्हतं. पण तेव्हा हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. डॉक्टरांनी इब्राहीमच्या पाठीवर थाप मारली. कपाटातला उष्णतेचा काटा पुढे, हिव धरलेल्या नळीजवळच टांगलेला होता आणि तो नेहमी चांगलाच आकडा दाखवायचा. कंपाउंडर सोनाजी हिवाच्या बाजूला बर्फाची थाळी ठेवायचा, कारण मालकाकडे पाहुणे आले की बर्फाची चिठ्ठी यायची. औषधाच्या बाटल्या मागच्या बाजूला सरकल्या. तिथल्या नळीवर हिव कधी पसरलंच नाही. थंडी होती तोवर त्याने काही बिघडलं नाही. मग चैत्र आला, आणि मग वैशाख.

वैशाखात थावराची गाडी भलत्या वेळी भट्टीपुढून गेली. दिवाळीला अजून सहा महिने होते, म्हणून इब्राहीम उठून रस्त्यावर आला. गाडीत रुख्मिणीबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर जमनी होती. पोरीची मान सुजली होती, श्वासाला घरघर लागली होती.

"काहून रे थावरा? काय झालं पोरीला?"

"गळा धरला, इब्राहीमभाई. झाडपाला केला, धागा बांधला, काही फरक न्हाई. नाक्यावरच्या एका शहाण्या माणसानं सांगितलं, घटसर्प हाय, नांदेडला घेऊन जा. आता गाडी हाय ना दुपारची?"

गाडी होती. अर्ध्या तासात स्टेशनात येणार होती. इब्राहीमने बैलाच्या नाकातली वेसण धरली.

"नांदेडला कशाला मरायला जातो? घटसर्पाचं औषध हितं हाय. माझ्या कपाटात हाय. तिथं जाईस्तोवर रात्र होईल. जाऊ नको. हितंच थांब. मी हाय ना."

थावराने बायकोकडे बघितलं. रुख्मिणीबाईने इब्राहीमकडे ज्या नजरेने बघितलं ती त्याला पुढे कधी विसरता आली नाही. माणूस देवाच्या दारात हात जोडताना बघतो तशी ती नजर होती. थावराने गाडी दवाखान्याकडे वळवली. मागे स्टेशनात गाडीची शिट्टी वाजली, ती सगळ्यांनी ऐकली.

डॉक्टरांनी गळा बघितला. उशीर झालाय म्हणाले, पण औषध आहे. सोनाजीने मागच्या बाजूची बाटली आणली, डॉक्टरांनी सुई दिली. इब्राहीम दाराशी उभा राहून थावराला सांगत होता की आता पोरगी सकाळपर्यंत पेज मागते की नाही बघ. सकाळी पोरीने काही मागितलं नाही. डॉक्टरांनी आणखी औषध दिलं. घरघर वाढत गेली. खतीजाबी दोन्ही वेळा पेज करून घेऊन आली आणि तशीच परत घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, आईच्या मांडीवर जमनी गेली.

थावरा रडला नाही. पोरीला गाडीत ठेवून निघताना तो इब्राहीमच्या पाया पडायला वाकला. इब्राहीम चटकन मागे सरला.

"तुमी व्हते म्हणून लेकराला सुई तरी मिळाली," थावरा म्हणाला. "न्हाईतर गाडीतच गेली असती. आमचं नशीब, दुसरं काय?"

 गाडी गेल्यावर इब्राहीम आत गेला आणि कपाटाचं दार उघडून त्याने हात घातला. पुढे हिवाचा जाड पांढरा थर होता, बोटं चिकटावीत इतका. हात मागे नेला. मागच्या नळ्या कोरड्या होत्या. औषधाच्या बाटल्या अंगाएवढ्या कोमट होत्या. सोनाजी मागे येऊन उभा राहिला होता.

"मला बी कोमट लागली व्हती," तो हळूच म्हणाला. "पण काटा बराबर दाखवून राहिला व्हता. मला वाटलं माझाच हात गरम असंल."

कपाट खोटं बोललं नव्हतं. पांढरं जिथवर धरलं होतं तिथवर त्याने खरंच सांगितलं होतं. उरलेलं इब्राहीम आपल्या पदरचं बोलला होता.

पण वाट्या तर बरोबर भरल्या होत्या. हे त्याला खाऊ लागलं. त्याने भट्टी बंद ठेवली. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. तो पुन्हा दोन्ही नळ्या घेऊन बसला. केसनळी जुनी होतीच, आणि लॉरीच्या नळीचा आधीच कापून बाजूला ठेवलेला लांब तुकडा होता, त्यातून कपाटात बसवली होती तेवढीच मापून घेतली. गार पाणी सोडलं. वाट्या अजूनही एकदमच भरत होत्या. चूक कुठे होती? एकदा चहाचं पातेलं उतू जाताना बघून त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने एक तांब्याचा हंडा घेतला, झाकण डाख देऊन पक्कं बंद केलं, तळाशी दोन्ही नळ्या जोडल्या, मेण वितळेल म्हणून जुनीच्या तड्यावर चिंधी घालून तार आवळली आणि हंड्याखाली जाळ केला. खतीजाबी ओरडत राहिली की हंडा फुटेल, भाजून मराल. त्याने भाता थांबवला नाही. हंड्यात पाणी उकळीच्या पुढे गेलं आणि वाफेने ते नळ्यांतून ढकललं जाऊ लागलं. जुन्या केसनळीतून तडतडत पाणी येत होतं. लॉरीच्या नळीतून पाणी कमी आणि वाफच जास्त येत होती, थुंकल्यासारखी, मध्येच अडून. जुनीची वाटी भरली तेव्हा दुसरी अर्धीसुद्धा नव्हती.

तो बघत बसला. कपाटातलं पाणी गार, मेलेलं पाणी नसतंच. ते उकळायला टेकलेलं असतं. नळीतच अर्ध्यावर ते उकळू लागतं, त्याची वाफ होते, आणि वाफेला जागा जास्त लागते. अरुंद नळीच्या तोंडाशी ती वाफच वाट अडवून बसते. गार पाण्याने माप घेतलं ते माप पाण्याचं होतं, उकळीचं नव्हतं. लग्नाच्या जेवणाचा अंदाज उपासाच्या दिवशी घ्यावा तसं हे झालं होतं. एवढं कळायला एक हंडा, थोडे कोळसे आणि एक दुपार लागली होती. तीच दुपार मार्गशीर्षात लागली असती तर!

तो डॉक्टरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाटाच्या मागच्या फळीवर स्वतः हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "मीही बघितलं होतं, शेवटपर्यंत धरलं नाही ते. आणि तुझ्यावर सोडून दिलं." त्यांनी कपाटातल्या सगळ्या बाटल्या फेकून दिल्या. इब्राहीमने नळी कापली, वायू भरला, पांढरं कुठवर जातं ते बघितलं, पुन्हा कापली. या वेळी तो कपाटापुढे मांडी घालून बसून राहिला. हिव शेवटच्या वेढ्यापर्यंत जाईस्तोवर उठला नाही, आणि गेल्यावरही मागच्या फळीवर हात ठेवून बसला. त्यानंतर ते कपाट कधी दगा देऊन गेलं नाही. नवी औषधं आली. त्या औषधांनी पुढे दुसऱ्यांची पोरं वाचली. इब्राहीमला ते कोणी सांगायला आलं की तो भात्याकडे वळायचा.

त्या दिवाळीला थावरा नेहमीसारखा गाडी घेऊन आला. इब्राहीमने जाताना ठरवलं होतं की आज सांगायचं. तांड्यावर पोचल्यावर रुख्मिणीबाईने भांडी आणून ठेवली. शेवटी पदराखालून तिने तो लहान पेला काढला.

"याला बी करा, भाईजान. तोंड दिसलं पाहिजे बरं का."

त्याने पेला तापवला, नवसागर टाकला, कथील टेकवलं. पांढरं धरलं आणि काठापर्यंत पसरलं. पेला त्याने रुख्मिणीबाईच्या हातात दिला. तिने त्यात बघितलं आणि पेला पदरात गुंडाळून आत नेला. इब्राहीमच्या तोंडून शब्द निघाला नाही. पुढच्या दिवाळीलाही निघाला नाही. भाकरी खाऊन, आशीर्वाद घेऊन तो दरवर्षी परत यायचा, आणि घरी आल्यावर खतीजाबी विचारायची, सांगितलं का? तो मान हलवायचा. बढाई मारणारी त्याची ती जबान कुठे गेली होती देव जाणे.

मग अठ्ठेचाळीसचा भादवा आला. त्याआधी रझाकारांनी गावं लुटली होती, तांडेही लुटले होते. आता हैदराबादेत हिंदुस्थानची फौज शिरली, निजामी संपली, आणि ज्यांनी कोणाचं काही केलं नव्हतं अशा मुसलमानांच्या दारावरही सूड चालून येऊ लागला. जिनिंग बंद पडलं, वीज गेली, कपाट थांबलं. उत्तमसिंग डॉक्टर नांदेडला निघून गेले. खतीजाबीने एक गाठोडं बांधलं. हैदराबादेला जायचं ठरलं, जिथे त्यांचं ओळखीचं कोणी नव्हतं. दोघं दार लावून निघणार एवढ्यात थावराची गाडी येऊन थांबली.

"कुठं निघाले?"

"हैदराबादला. गाडी भेटली तर."

"आगगाडीत काय काय होऊन राहिलं, ठाव हाय का तुमाला?" थावराने गाठोडं उचलून आपल्या गाडीत टाकलं. "जाऊ नका. हितंच थांबा, आमच्यात. मी हाय ना."

इब्राहीमचे पाय जागेवरच थांबले. खतीजाबीने त्याला हाताला धरून गाडीत बसवलं.  त्याचेच शब्द थावराने त्याला परत दिले होते, आणि थावराला ते आठवतही नव्हते.

तांड्यावर रुख्मिणीबाईने आतली खोली रिकामी करून दिली. तिच्या हातची भाकरी इब्राहीमने तशीच ताटात ठेवली. त्याने खतीजाबीला सांगितलं की आता सांगतो.

"आत्ता नको," ती कळवळून म्हणाली. "पाया पडते तुमच्या. आपण त्यांच्या छपराखाली आहोत. जीव वाचू द्या, घरी जाऊ द्या, मग सांगा."

"जीव वाचल्यावर सांगितलं तर त्या सांगण्यात काय ऱ्हायलं?"

थावरा अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. इब्राहीम त्याच्यासमोर बसला आणि सांगू लागला. नळीचं सांगितलं, वाट्यांचं सांगितलं, कोमट बाटल्यांचं सांगितलं. थावराचे हात चालत होते. नळीचं त्याला किती कळलं ते सांगता येत नाही, पण बाटली कोमट होती हे कळलं. हात थांबले.

"नांदेडला गेलो असतो तर?"

"खुदा जाने. उशीर तर झालाच व्हता. पण तिथलं औषध मेलेलं नसतं, थावरा. मी तुला थांबवलं."

"अन् तुमाला हे कवा कळलं?"

"त्याच आठवड्यात."

थावराने दोर पुन्हा हातात घेतला आणि शेवटपर्यंत वळला. मग तो उठून रानात गेला. आत चुलीपुढे रुख्मिणीबाईने सगळं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी भाकरी ताटात आली, चटणीही आली, पण रुख्मिणीबाईने ताट उंबऱ्यावरच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं तांड्यावर आली. इथे कोणी लपलंय का, विचारू लागली. खतीजाबीने आतल्या खोलीत इब्राहीमचा हात घट्ट धरला. थावरा दारात उभा होता. त्याला फक्त बाजूला सरायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती.

"हितं परकं कोणी न्हाई," थावरा म्हणाला. "घरात आजारी माणसं हायेत. पुढं जा."

माणसं पुढे गेली. थावराने मागे वळून खोलीकडे बघितलं नाही.

दसरा होऊन गेला, रस्ते शांत झाले. थावराने गाडी जुंपली आणि दोघांना हिंगोलीला आणून सोडलं. घराचं दार कोणीतरी फोडलं होतं, पण भिंती उभ्या होत्या. कडुनिंबाखालचं छप्पर जळालं होतं. थावराने गाठोडं उतरवून ओट्यावर ठेवलं.

"थावरा," इब्राहीम म्हणाला, "दिवाळीला गाडी घेऊन येशील?"

"न्हाई. भांडे आता वाशिमच्या माणसाकून करून घेऊ." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी थांबा म्हणलं व्हतं. तुमी थांबले. माझा शब्द खरा झाला."

मग त्याने गाडीतल्या गवताखाली हात घालून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि गाठोड्याशेजारी ठेवली. "घरवालीनं दिलं. म्हणली, आता आमच्याकडं नको." बैल वळवून तो निघून गेला.

खतीजाबीने फडकं सोडलं. आत जमनीचा पेला होता. त्याच्यावर जमनी गेल्यानंतरच्या दिवाळीला केलेलीच, चार वर्षांची कलई होती. वापरातल्या भांड्याची कलई वर्षाच्या आत उतरते आणि खालचं पिवळं पितळ दिसायला लागतं. या पेल्याची कुठेही उतरली नव्हती. इब्राहीमने तो हातात घेतला, आणि त्यात त्याला आपलं तोंड स्वच्छ दिसलं.